निरोप वेळेवर पोचला पाहिजे

दुधाच्या कारखान्यात दुधापेक्षा निरोपांची ये-जा जास्त. टाकीतली पातळी किती, पाश्चरायझरमधून निघालेल्या दुधाचं तापमान किती, क्रीमचा व्हॉल्व्ह खरंच उघडला की नुसता हुकूम सुटला, होमोजिनायझरची मोटर किती करंट घेते, ही माहिती दर सेकंदाला कितीतरी वेळा पीएलसीकडे, म्हणजे लाईन चालवणाऱ्या कंट्रोलरकडे, येते आणि पीएलसीचे हुकूम तितक्याच घाईने परत जातात. हे सगळं ज्या केबलवरून चालतं, तिची चालू असेपर्यंत कुणाला आठवण होत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी डेअऱ्या, फरसाण-बिस्किटांचे कारखाने आणि फळांचा गर काढणारे प्रकल्प आज अशा टप्प्यावर आहेत, की ही केबल आणि तिच्यावरची उपकरणं बदलण्याचा निर्णय आणखी पुढे ढकलता येणार नाही.

खडकवासला धरणावरून पुण्याकडे निघालं की किरकटवाडी, नांदेड फाटा, धायरी असं करत रस्ता शहरात शिरतो. धायरी-नऱ्हे भागात छोट्या-मध्यम वर्कशॉपची दाटी आहे. कंट्रोल पॅनल बनवणारे, कारखान्यांना ऑटोमेशन करून देणारे असे बरेच जण तिथे काम करतात. पुढचा संवाद याच पट्ट्यातल्या दोघांचा. मामांची सारी नोकरी दुग्धप्रकल्पांच्या देखभाल विभागात गेली. आता ते खडकवासला गावात राहतात. भाची धायरीतल्या एका छोट्या कंपनीत ऑटोमेशन इंजिनिअर आहे. लेखापुरती एवढी ओळख पुरे. वादाचा मुद्दा असा : जुन्या प्रोफिबस नेटवर्कच्या जागी इथरनेटवर चालणारं प्रोफिनेटसारखं नेटवर्क आणावं का, आणि आणायचं तर कसं?

मामा : मला आधी सांग, चालती लाईन उपटायची कशाला? प्रोफिबस म्हणजे जांभळी केबल, आत दोन कोर, एक हिरवी नि एक लाल. एका सेगमेंटवर बत्तीस उपकरणं, रिपीटर टाकले की सगळी मिळून सव्वाशेच्या आसपास. रात्री लाईन पडली तर वायरमनला लागायचा एक मल्टिमीटर. सप्लाय बंद करायचा आणि दोन तारांमधला रेझिस्टन्स बघायचा. ११० ओहमच्या जवळ आला म्हणजे दोन्ही टोकांची टर्मिनेशन जागेवर आहेत. २२० आला म्हणजे एक सुटलंय. आयटीआय झालेल्या पोराला हे अर्ध्या तासात शिकवता येतं. तुझ्या नेटवर्कला लॅपटॉप लागतो, आणि तो लॅपटॉप रात्री तीन वाजता कुणाच्या घरी असतो?

भाची : लॅपटॉपचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, त्याकडे येतेच. पण मामा, तो मीटर लाईन पडल्यावर बोलतो, आधी बोलत नाही. सीआयपी, म्हणजे यंत्र न उघडता आतून धुणं, झाल्यावर पोरं बाहेरून मशिनवर होज मारतात. कुठल्यातरी बॉक्सची ग्लँड सैल असते. नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये ओल शिरते, पिनांवर हिरवट थर धरतो. एखादा निरोप चुकतो, मग मास्टर तोच प्रश्न पुन्हा विचारतो, उत्तर मिळतं, गाडी पुढे. ऑपरेटरला पडद्यावर काहीच दिसत नाही. असं कित्येक महिने चालतं आणि एक दिवस पुन्हा विचारूनही उत्तर येत नाही. तेव्हा यार्डात टँकर उभे असतात.

मामा : म्हणजे चूक ग्लँडची. ती घट्ट करायची सोडून नेटवर्क बदलायचं?

भाची : ग्लँड घट्ट करायचीच. मी वेगळं सांगतेय. नव्या नेटवर्कमध्ये मॅनेज्ड स्विच प्रत्येक पोर्टवर किती निरोप खराब झाले याचा हिशेब ठेवतो. सात नंबरच्या पोर्टवर आकडा रोज थोडा वाढतोय हे पंधरा दिवस आधी दिसलं, तर तुमचा वायरमन दिवसाच्या शिफ्टला, सीआयपीच्या वेळात तो कनेक्टर बदलेल. आणि त्या जुन्या कनेक्टरवरचा बारीक स्विच आठवा. मधल्या एखाद्या स्टेशनवर कुणी तो चुकून ऑन केला, की पुढे जाणारी केबल तिथेच तुटल्यासारखी होते, पुढची सगळी स्टेशनं गायब. नखाएवढा स्विच, अख्खी लाईन बंद.

मामा : तो स्विच मला चांगला माहीत आहे. पण आता तू नव्याचं ऐक. प्रोफिबसवर एखाद्या ड्राइव्हचा कनेक्टर उपसला तर बाकीच्यांना काही होत नाही, बस पुढे चालू राहते. तुमच्याकडे केबल या ड्राइव्हमधून त्या ड्राइव्हमध्ये, तिथून तिसऱ्यात अशी ओवलेली असते. मधल्या ड्राइव्हची वीज गेली की त्याच्या पलीकडचे सगळे मेले. ही सुधारणा म्हणायची?

भाची : तशी ओवली तर ती आमची चूक. स्वस्तात काम करणारे ओवतात, कारण स्विचचे पैसे वाचतात. पॅनलमधल्या स्विचपासून प्रत्येक उपकरणाला वेगळी केबल द्यावी, किंवा दोन्ही टोकं जोडून रिंग करावी. प्रोफिनेटच्या नेहमीच्या रिंगमध्ये पन्नासपर्यंत उपकरणं घेता येतात आणि केबल कुठेही तुटली तरी जास्तीत जास्त २०० मिलिसेकंदांत निरोप उलट्या बाजूने जायला लागतात. आणि ऑफिसातला आरजे-४५ कनेक्टर दुधाच्या हॉलमध्ये लावायचाच नाही. तिथे एम-१२, पिळून बसणारा, पाण्याचा मारा सोसणारा. कॉस्टिक, ॲसिड आणि गरम पाणी रोज अंगावर घेणारी केबलही वेगळी मिळते, तीच घ्यायची.

इथपर्यंतचा वाद दोन केबलींचा वाटतो. पण दोघांनाही ठाऊक आहे, की केबल तुटायच्या आधी बाजारातून सुटे भाग संपतात. औद्योगिक संवादाचा इतिहास फार जुना नाही. मॉडबस १९७९ मध्ये आलं. जर्मनीत १९८७ मध्ये कंपन्या आणि संशोधन संस्थांनी मिळून प्रोफिबसचं काम सुरू केलं. इथरनेट/आयपी, प्रोफिनेट, इथरकॅट ही मंडळी २००० नंतरच्या चार-पाच वर्षांतली. म्हणजे ज्याला आपण ‘नवं’ म्हणतो तेही वीस वर्षांचं झालं आहे. पुढचा मुद्दा त्यातूनच निघाला.

भाची : तुमच्या पिढीने महाराष्ट्रभर सीमेन्सचं एस-७-३०० बसवलं. कंपनीने २०२३ च्या ऑक्टोबरपासून ते नेहमीच्या विक्रीतून काढलं. सुट्या भागांची सोय २०३३ पर्यंत. त्यानंतर काय?

मामा : त्यानंतरचं त्यानंतर. आजच दोन सीपीयू, चार इनपुट कार्डं, एक पॉवर सप्लाय घेऊन कपाटात ठेवायचे. मी असेच कारखाने चालवले.

भाची : कपाटात ठेवलेलं कार्ड दहा वर्षांनी लावलं आणि चाललं नाही, तर कुणाला विचारणार? जुन्या बाजारात मिळणारी कार्डं दुरुस्त केलेली असतात, त्यांची खात्री कोण देतो? आणि नुसतं कार्ड पुरत नाही. जुना प्रोग्राम ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला ते ज्या संगणकावर चालतं, त्यावर विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच बंद केला. पण मी सगळं एका दिवसात बदला असं म्हणतच नाही. मध्ये गेटवे टाकता येतो. त्याच्या एका बाजूला नवा पीएलसी, दुसऱ्या बाजूला तुमची जांभळी केबल जशीच्या तशी. क्रीम सेक्शन आज नव्यावर न्या, तुपाचं पुढच्या वर्षी.

मामा : गेटवे म्हणजे आणखी एक डबा, बंद पडणारा. पण ही वाट मला पटते. डेअरी कधी बंद नसते, हे तुम्ही लोक विसरता. साखर कारखान्याला गळीत हंगाम संपला की काही महिने मिळतात, तेव्हा ते मिल उघडून ठेवतात. कोकणातल्या आंब्याच्या गराच्या कारखान्याचा हंगाम उन्हाळ्यात संपतो. आमच्याकडे दूध सकाळी येतं, संध्याकाळी येतं, दिवाळीला येतं. वेल्ह्याच्या आणि पानशेतच्या बाजूच्या बाईने पहाटे काढलेलं दूध बल्क कूलरमधून टँकरमध्ये, टँकरमधून आमच्या दारात. माझी लाईन चार तास पडली म्हणून म्हैस थांबत नाही.

भाची : म्हणून कृशकाळ धरायचा. उन्हाळ्यात दूध कमी येतं.

मामा : कमी येतं, पण ताक, दही, लस्सी, आइस्क्रीम यांची मागणी तेव्हाच चढलेली असते. पॅकिंगला उसंत नसते. पाश्चरायझरची एक लाईन कृशकाळात मोकळी करता येईल, पॅकिंगची नाही. पॅकिंगला पावसाळा बघ. कॅलेंडर हातात घेऊन सेक्शनवार बसलं पाहिजे, आणि ते कॅलेंडर प्लँटवाल्याने लिहायचं, विकणाऱ्याने नाही.

भाची : लिहून घेतलं.

मामा : आता वेगाचं सांग. प्रोफिबस जास्तीत जास्त १२ मेगाबिटचं, तुझं १०० चं. दुधाचं तापमान मिलिसेकंदात बदलतं का? वेगाचे पैसे मी कशासाठी मोजायचे?

भाची : पाश्चरायझरसाठी मोजू नका. पाऊच किंवा बाटल्या भरणाऱ्या मशिनला, जिथे सर्व्हो मोटरी एकमेकींच्या तालात चालतात, तिथे वेग लागतो. बाकी प्लँटला वेगापेक्षा वेळेची खात्री लागते. निरोप दहा मिलिसेकंदांत येणार म्हटला तर प्रत्येक वेळी तेवढ्यातच आला पाहिजे. एकदा दोनमध्ये, एकदा तीनशेत, असं चालणार नाही.

मामा : हे तू बरोबर बोललीस. आम्ही धरणाच्या शेजारी राहणारी माणसं. पावसाळ्यात विसर्ग किती क्युसेक, हे सगळे विचारतात. २०२४ च्या २५ जुलैला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि खाली सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. इशारा वेळेत मिळाला नाही, हीच तिथल्या लोकांची तक्रार होती. आकडा कितीही अचूक असो, पाणी दारात आल्यावर कळला तर त्याचा उपयोग नाही.

भाची : मग माझी अट तुम्हालाही पटेल. प्लँटच्या नेटवर्कवर सीसीटीव्ही, हजेरीची मशिनं, ऑफिसचे प्रिंटर जोडायचे नाहीत. केबल एकाच ट्रेमधून गेली तरी जाळं वेगळं ठेवायचं. मोटरच्या ड्राइव्हची पॉवर केबल दूर ठेवायची, अर्थिंग नीट करायचं. नव्या नेटवर्कच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

भाचीची अट साधी वाटते, पण कारखान्यात तीच सर्वांत आधी मोडते. कुणीतरी साहेबांच्या केबिनमध्ये लाईनचं चित्र दिसावं म्हणून एक केबल ओढतो, कुणी कॅमेरा लावतो, मोकळा पोर्ट दिसला की त्यात काहीतरी खुपसलं जातं. जुन्या जांभळ्या केबलवर हे करताच येत नव्हतं. नव्या केबलवर येतं. म्हणून नव्या जाळ्याला शिस्त जास्त लागते. मामांचा पुढचा मुद्दा या शिस्तीच्या गाभ्याचा होता.

मामा : आता मी कशाला हात लावू देणार नाही, ते ऐक. दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद राहिलं पाहिजे. होल्डिंग ट्यूबच्या शेवटी तापमान उतरलं, की एफडीव्हीने, म्हणजे दूध वळवणाऱ्या व्हॉल्व्हने, ते पुढे जाऊ न देता परत बॅलन्स टाकीत वळवायचं. हवा गेली, वीज गेली, तरी व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर वळणाच्याच बाजूला गेला पाहिजे. हे काम नेटवर्कच्या भरवशावर मला नको. सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंत थेट तार, कंट्रोलरपासून व्हॉल्व्हपर्यंत थेट तार. पुण्यातल्या एखाद्या घरात बाळाला ते दूध पाजतात.

भाची : आता नेटवर्कवरून सुरक्षेचे सिग्नल पाठवायच्या प्रमाणित पद्धती आहेत, मामा. प्रोफिसेफ १९९९ पासून आहे. त्यात प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो, वेळेची मर्यादा असते, तपासणीची बेरीज असते. निरोप उशिरा आला किंवा बिघडला, तर उपकरण स्वतःच सुरक्षित बाजूला जातं. मोटारींच्या कारखान्यात रोबोंचे इमर्जन्सी स्टॉप असेच चालतात.

मामा : चालत असतील. मी त्याला खोटं म्हणत नाही. पण चार मीटरवरच्या व्हॉल्व्हसाठी एवढं शास्त्र कशाला? जिथे एक तार पुरते तिथे एकच तार असावी. आणि सेन्सरचा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल विसरू नकोस. शून्य अंशांनाही ४ मिलिअँपिअर येतात. तार तुटली तर करंट शून्यावर जातो आणि कंट्रोलरला लगेच कळतं, की हे तापमान नाही, ही तुटकी तार आहे. जुन्या लोकांनी ते विचार करूनच ठरवलं.

भाची : एफडीव्हीबाबत मी माघार घेते. निर्णय स्थानिक कंट्रोलरनेच, थेट तारेवर घ्यायचा. नेटवर्कने फक्त बघायचं आणि नोंद ठेवायची. पण ती नोंद मला हवीच. तुमचा गोल कागदी चार्ट ओला होतो, शाई पसरते, महिन्याने बॅचचा तपास करायला बसलं तर वाचता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे माल परत मागवण्याचे नियम २०१७ पासून लागू आहेत. एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला तर ती कुठल्या टाकीतून, कुठल्या वेळी, कुठल्या पॅकिंग मशिनवर गेली, हे काही तासांत सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही, तर दिवसभराचा सगळा माल परत बोलवावा लागतो आणि तोटा शेवटी दुधाच्या दरातून शेतकऱ्याच्याच गळ्यात येतो.

मामा : नोंदीला माझी हरकत नाही. सीआयपीला या जाळ्याचा काय उपयोग, ते सांग.

भाची : आज सीआयपी बहुतेक ठिकाणी घड्याळावर चालतं. कॉस्टिक अमुक मिनिटं, पाणी अमुक मिनिटं. परतीच्या पाईपवर कंडक्टिव्हिटी सेन्सर असतो, पण त्याचा एकच आकडा पीएलसीकडे येतो. आयओ-लिंकचा सेन्सर आकड्याबरोबर स्वतःचं तापमान आणि स्वतःची तब्येतही कळवतो. सेन्सर खरं बोलतोय याची खात्री झाली, की पाणी स्वच्छ परतल्याबरोबर धुणं थांबवता येतं. दिवसातून कितीतरी टाक्या आणि पाईप धुतले जातात, मामा. वाचतं ते पाणी याच धरणाचं असू शकतं.

मामा : याचे पैसे मी मोजीन. वेगाचे मोजणार नाही.

दोघांच्या मनात सर्वांत जास्त अंतर होतं ते सुरक्षेबाबत. इंटरनेटला न जोडलेली जुनी लाईन आपोआप सुरक्षित असते, असं मामांच्या पिढीतले बरेच जण मानतात. भाचीने त्याला थेट हात घातला.

भाची : जुनं म्हणजे सुरक्षित, हे तुमच्या मनातून काढा. २०१० मध्ये स्टक्सनेट उघडकीला आलं. इराणच्या सेंट्रिफ्यूजवर सोडलेला तो प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून पसरत होता आणि नेमकं एस-७-३०० शोधत होता. त्याला प्रोफिबसच्या कार्डामागे असलेले ड्राइव्ह हवे होते. तिथे मोटरींचा वेग बदलायचा आणि पडद्यावर सगळं ठीक दाखवायचं. तुमचीच जांभळी केबल, तुमचाच पीएलसी. इंटरनेटची गरज पडली नाही.

मामा : तो देशादेशांतला मामला. आमच्या दह्यात कुणाला रस?

भाची : पैशात रस असतो. २०२१ च्या मे महिन्यात जेबीएस या जगातल्या फार मोठ्या मांसप्रक्रिया कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातले कारखाने थांबले आणि कंपनीने १ कोटी १० लाख डॉलर मोजले. अन्नाचा कारखाना सोपं सावज असतो, कारण माल नासतो, मालक थांबू शकत नाही. तुम्हीच म्हणालात, म्हैस थांबत नाही.

मामा : मग तुझं नवं जाळं, जे बाहेर उघडतं, ते आणखी धोक्याचं नाही का? विकणारी पार्टी म्हणते, आम्ही बेंगळुरूहून बघू, तुम्ही निश्चिंत राहा. मी निश्चिंत राहत नाही. माझ्या प्लँटमध्ये कोण शिरलंय हे मला दिसत नसेल, तर मला झोप लागायची नाही.

भाची : दार बंदच ठेवायचं. दुरून जोडणीचा राउटर पॅनलमध्ये किल्लीच्या स्विचवर बसवायचा. किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे. बाहेरच्या इंजिनिअरने फोन करायचा, किल्ली फिरवली की दिवा लागतो, काम झालं की बंद. रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ. ऑफिस आणि प्लँटच्या मध्ये फायरवॉल, प्लँटमध्येही सेक्शनवार भाग पाडायचे, म्हणजे एक बाधला तर दुसरा वाचतो. आयईसी ६२४४३ या मालिकेत हेच सांगितलंय. आणि पेन ड्राइव्ह कुठल्याही पीसीत घालायचा नाही, हा नियम मालकाच्या मुलालाही लागू.

मामा : किल्लीचं मला पसंत. आता लॅपटॉपचं उत्तर दे. ड्राइव्ह जळाला. प्रोफिबसवर नव्या ड्राइव्हला जुना पत्ता दिला, काम झालं. तुमच्याकडे उपकरणाला नाव द्यावं लागतं म्हणे.

भाची : प्रोफिनेटमध्ये उपकरण नावाने ओळखतात, खरं आहे. पण कुठल्या पोर्टला कोण जोडलंय हा नकाशा प्रोजेक्टमध्ये नीट भरला असेल, तर खोक्यातून काढलेला कोरा ड्राइव्ह जोडल्याबरोबर शेजाऱ्यांवरून ओळखला जातो आणि नाव आपोआप मिळतं. लॅपटॉप लागत नाही. फक्त दुसऱ्या लाईनवरून काढून आणलेला वापरलेला ड्राइव्ह असेल, तर त्यात जुनं नाव असतं. तशी परवानगी आधी देऊन ठेवली नसेल, तर तो आधी कोरा करावा लागतो. हे पॅनलच्या दारावर चिकटवून ठेवायचं, मराठीत.

मामा : मराठीचं काढलंस तर पडद्याचंही बोल. एचएमआयवर लाल अक्षरांत ‘स्टेशन फोर्टीन फेल्युअर’ असं इंग्रजीत येतं. रात्रीच्या पोराने त्यातून काय समजायचं?

भाची : आजच्या एचएमआयवर देवनागरी चालते. लिहायचं : ‘१४ नंबर. क्रीम टाकीजवळचा व्हॉल्व्ह बॉक्स बोलत नाही. आधी बॉक्सचा २४ व्होल्ट सप्लाय बघा, मग स्विचचा ७ नंबर पोर्ट.’ हा मजकूर मी ऑफिसात बसून लिहू शकत नाही. तुमच्या वायरमनबरोबर बसून लिहावा लागतो.

मामा : असं असेल तर माझा निम्मा विरोध गेला. राहिलेला निम्मा मालकीचा. प्रोग्रामचा पासवर्ड, स्विचचं सेटिंग, शेवटचं ड्रॉइंग, सगळा बॅकअप माझ्या कपाटात पाहिजे. बसवणाऱ्याचं बिल त्याशिवाय पास करायचं नाही. पार्टी बदलली, एएमसी संपली, इंजिनिअर परदेशी गेला, तरी माझी लाईन माझी राहिली पाहिजे.

भाची : आमच्या मालकांना हे आवडणार नाही, पण तुमचं बरोबर आहे. बदल्यात माझी एक मागणी. लाईनवर न्यायच्या आधी सगळं जाळं आमच्या वर्कशॉपमध्ये टेबलावर मांडायला वेळ द्या. पलीकडे सीडब्ल्यूपीआरएस या जलसंशोधन संस्थेत बंदराचं, धरणाच्या सांडव्याचं लहान प्रतिमान बांधतात, त्यात पाणी सोडून बघतात आणि मगच खरं बांधकाम. १९१६ पासून त्या संस्थेचं काम चाललंय. आम्हालाही तसंच हवं. खरा पीएलसी, खरे स्विच आणि व्हॉल्व्हच्या जागी सिम्युलेटर. मी मुद्दाम केबल उपसणार, सप्लाय पाडणार, चुकीचा ड्राइव्ह लावणार. तुमच्या दोन वायरमनना त्या वेळी धायरीला पाठवा. बिघाड शोधायला तिथेच शिकू देत.

मामा : पाठवतो असं सांगायला मी आता नोकरीत नाही. पण ज्यांच्या हाती आहे त्यांना सांगीन. आणि नवी केबल टाकताना जुनी काढायची नाही. निदान महिनाभर दोन्ही शेजारी राहू देत. बिनसलं तर तासाभरात परत जुन्यावर येता आलं पाहिजे.

भाची : मान्य. ती वाटही टेबलावर तपासून घेऊ.

एवढं जमल्यावरही एक गोष्ट दोघांत सुटली नाही. भाचीला प्लँटची माहिती दूरच्या सर्व्हरवर साठवायची आहे. वर्षभराचे आकडे एकत्र असले तर कुठला पंप थकतोय, कुठल्या मार्गाच्या दुधाने पाश्चरायझरवर लवकर थर धरतो, हे कळेल असं ती म्हणते. भिलवडीच्या चितळे डेअरीचं उदाहरण ती देते : १९३९ मध्ये सुरू झालेल्या त्या व्यवसायाने जनावरांना आरएफआयडी बिल्ले लावून गोठ्यापासूनची माहिती संगणकावर आणली. मराठी दूधधंदा माहितीला घाबरणारा नाही, असा तिचा दाखला. मामांचं म्हणणं, त्यांनी धंदा आणि तंत्र दोन्ही आपल्या हातात ठेवून ते केलं. ज्यांच्या हातात अजून स्वतःच्या पीएलसीचा पासवर्डही नाही, त्यांनी माहिती बाहेर पाठवायची घाई करू नये. हा प्रश्न प्रत्येक कारखान्याने आपापल्या तयारीवर ठरवावा. मला स्वतःला मामांचा क्रम पटतो. आधी लाईनवरचा ताबा, मग आकड्यांचा प्रवास.

पण बदल टाळण्याच्या बाजूने मी नाही. सुटे भाग संपल्यावर, लाईन पडल्यावर, टँकर दारात असताना केलेला बदल सर्वांत महाग पडतो आणि सर्वांत वाईट होतो. तो आज, हातात वेळ असताना, सेक्शनवार करावा. वेगाच्या जाहिरातीवर पैसे न घालता वेळेच्या खात्रीवर, पाणी सोसणाऱ्या कनेक्टरवर, स्विचवर आणि प्रशिक्षणावर घालावेत. दुधाच्या सुरक्षेचा निर्णय थेट तारेवर ठेवावा. पासवर्ड, ड्रॉइंग आणि बॅकअप कारखान्याच्या कपाटात असावेत, पडद्यावरची भाषा ऑपरेटरची असावी.

या साऱ्या अटी ऑर्डर निघायच्या आधी लिहाव्या लागतात, नंतर त्या कुणी मानत नाही. त्या कोण लिहिणार हे मात्र आधी ठरलं पाहिजे. खरेदीच्या बैठकीत मालक, हिशेबनीस आणि विकणारी पार्टी हे तिघे नेहमी असतात. रात्रपाळीला मल्टिमीटर घेऊन पॅनल उघडणारा वायरमन तिथे नसेल, तर ती बैठक त्याच्या शिफ्टच्या वेळेनुसार पुन्हा बोलवावी.